‘आजारपणाचा का घरगुती?’ : सोलापुरातल्या टायपिंगच्या दुकानांत मिळणारा ‘सरांना अर्ज’

सोलापुरात कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान असतंच, आणि त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘अर्ज’ नावाचा एक फोल्डरही असतोच. जर्नल जमा करायची तारीख हुकली, टेस्ट बुडाली, हजेरी कमी पडली, की पोरं तिकडे वळतात. काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, “आजारपणाचा का घरगुती?” उत्तर आलं की फाइल उघडतो, नाव, वर्ग, रोल नंबर बदलतो आणि प्रिंट काढतो. साधारण पाच-दहा मिनिटांचं काम, तीस ते पन्नास रुपये. घाई असेल तर वर दहा-वीस.

हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही. सात रस्ता घ्या, अशोक चौक घ्या नाहीतर जुळे सोलापूर, मजकूर उन्नीस-बीस तोच असतो. निकाल आधीच सांगून टाकतो : टायपिंग चांगलं, प्रिंट चांगली, मजकूर टाकाऊ. सरांनी पुन्हा एकदा संधी द्यावी असं खरोखर वाटत असेल, तर दुकानातून हात विकत घ्या, डोकं नको.

आधी तो तयार मजकूर बघू. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की, मी आपल्या महाविद्यालयाचा एक होतकरू व नियमित विद्यार्थी असून माझी प्रकृती अचानक बिघडल्यामुळे मी हजर राहू शकलो नाही. तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून मला एक संधी द्यावी, ही नम्र विनंती.’ वाचायला गोड आहे. पण हजेरी कमी पडली म्हणून अर्ज करणारा स्वतःला ‘नियमित’ म्हणतोय, आणि सरांच्या समोर मस्टर उघडं पडलंय. प्रकृतीला काय झालं, कधी झालं, पत्ता नाही. ‘एक संधी’ म्हणजे नेमकी कशाची? टेस्ट परत घ्यायची, जर्नल उशिरा घ्यायचं, तोंडी परत घ्यायची की हजेरी माफ करायची? सरांनी होकार द्यायचा म्हटला तरी कशाला द्यायचा ते कागदावर नाही. असा अर्ज वाचून शिक्षक एकच गोष्ट करू शकतात : “बरं, बघू” म्हणून फाइलला लावणं.

त्यात फोल्डरमधली फाइल दर सेमिस्टरला तीच वापरलेली. म्हणून मुलीच्या अर्जात ‘राहू शकलो नाही’ येतं, मुलाच्या अर्जात ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’. मधल्या परिच्छेदात आधीच्या गिऱ्हाइकाची तारीख तशीच राहते, कधी आडनावसुद्धा. आणि सगळ्यात घातक प्रकार म्हणजे एकाच वर्गातल्या चौघांचे अर्ज शब्दाला शब्द सारखे येणं. चौघांच्याही आज्या एकाच वाक्यरचनेत आजारी पडलेल्या बघून कुठल्याही शिक्षकाचं मन द्रवत नाही. ज्याची आजी खरोखर सिव्हिलला ॲडमिट होती, त्याचंही नुकसान होतं.

दुसरी चूक पत्त्याची. तयार अर्ज सरसकट ‘प्रति, मा. प्राचार्य’ असा सुरू होतो. खरं तर बरीच कामं प्राचार्यांपर्यंत जायची गरजच नसते. वर्गातली टेस्ट, होम असाइनमेंट, सेमिनार, जर्नलची तपासणी, अंतर्गत तोंडी हे सगळं विषय शिक्षकाच्या हातात असतं. फार तर विभागप्रमुखांची सही लागते. थेट वर अर्ज गेला, की तो शेरा मारून खाली त्याच सरांकडे येतो, आणि आपल्याला डावलून पोरगा वर गेला ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहते. हजेरीचं उलट आहे. ७५ टक्क्यांची अट शिक्षक एकट्याने माफ करू शकत नाहीत. तो अर्ज प्राचार्यांच्याच नावे हवा, विभागप्रमुखांमार्फत. तिथे आकडे लिहा. ४८ तासिका झाल्या असतील तर ३६ हव्यात. तुमच्या ३१ आहेत, म्हणजे ५ कमी. त्या पाचांपैकी एनएसएस शिबिरात, एनसीसीत किंवा कॉलेजच्या संघाकडून खेळायला गेल्यामुळे किती बुडाल्या, त्याचं पत्र जोडा. ‘थोडी हजेरी कमी आहे’ याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. ‘पाच कमी आहेत, तीनांचं पत्र जोडलंय’ याला देता येतं.

आणि काही गोष्टी कुणाच्याच हातात नसतात. अंतर्गत गुण एकदा ऑनलाइन भरून लॉक झाले, की सरांची इच्छा असूनही ते बदलत नाहीत; मग कॉलेजमार्फत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाशी पत्रव्यवहार, आणि केगावला, म्हणजे विद्यापीठात, चकरा. म्हणून अर्जाची खरी शेवटची तारीख सबमिशनची नसते, गुण भरायची असते. ती कधी आहे हे विभागातल्या शिपायाला किंवा क्लार्कला विचारलं तरी कळतं, आणि ती कळल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नये. विद्यापीठाच्या लेखी पेपरला दांडी मारून सरांकडे रडण्यात अर्थ नाही; तिथे एटीकेटी (राहिलेला विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जाणं) किंवा पुढचं सत्र हाच रस्ता. बारावीचं प्रात्यक्षिक आजारपणात बुडालं, तर मात्र बोर्डाची ‘आउट ऑफ टर्न’ सोय आहे : लेखी परीक्षा संपल्यावर अशा मुलांचं प्रात्यक्षिक आणि तोंडी घेतात. त्यासाठी कॉलेजला तातडीने, कागदपत्रांसह कळवावं लागतं. दुकानदार ह्यातलं काही विचारत नाही. त्याला विचारायची गरजही वाटत नाही. त्याच्या फोल्डरमध्ये दोनच फाइली आहेत.

मग चांगला अर्ज कसा असतो? जर्नल उशिरा घ्यावं म्हणून लिहिलेला हा एक नमुना. बारा ओळींच्या आतबाहेर, साध्या मराठीत.

‘प्रति, मा. विषय शिक्षक, भौतिकशास्त्र. विषय : जर्नल उशिरा स्वीकारण्याबाबत.

सर, १० तारखेला जर्नल जमा करायचं होतं, मी केलं नाही. २ ते ९ तारखेला डेंग्यूमुळे दवाखान्यात होतो. डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडली आहे. दोन प्रयोग त्याआधीपासूनच लिहायचे राहिले होते, त्याचा आजाराशी संबंध नाही, ती माझी चूक आहे.

आज १२ पैकी ९ प्रयोग पूर्ण आहेत, जर्नल सोबत आणलं आहे. राहिलेल्या तीनपैकी दोनांची निरीक्षणं कच्च्या वहीत आपल्या सहीसह आहेत. एक प्रयोग करायचाच राहिला आहे. तो मंगळवारी दुसऱ्या बॅचबरोबर करू द्यावा आणि गुरुवारी दुपारी १२ पर्यंत पूर्ण जर्नल तपासायला घ्यावं, ही विनंती. उशिराबद्दल गुण कापले तरी हरकत नाही. हे शक्य नसेल, तर झालेल्या नऊ प्रयोगांवरच जर्नल तपासावं.’

यात जीव कुठे आहे ते बघा. चूक पहिल्या वाक्यात आली, त्यामुळे सरांना ती बाहेर काढायचे कष्ट पडत नाहीत. आजाराच्या तारखा आहेत आणि त्या डिस्चार्ज कार्डाशी जुळतात. आजाराने जे बुडालं नाही तेही कबूल केलंय, आणि त्यामुळेच जे बुडालं त्यावर विश्वास बसतो. मागणी मोजकी आहे : एक प्रयोग, एक दिवस, एक वेळ. दुसऱ्या बॅचबरोबर म्हटलं, म्हणजे लॅब असिस्टंटला वेगळी मांडणी करावी लागणार नाही. सर नकार देतात तो बऱ्याचदा रागाने नाही, एकट्यासाठी लॅब उघडायच्या त्रासाने. शेवटची ओळ सगळ्यात कामाची आहे, कारण पूर्ण नाही म्हणायचं असलं तरी हातात अर्धं द्यायला काहीतरी उरतं. ‘गुण कापले तरी हरकत नाही’ हे वाक्य मुलांना लिहववत नाही, पण वेळेत जर्नल देणाऱ्या साठ जणांना सर काय उत्तर देणार, हा त्यांचा प्रश्न त्याच वाक्याने सुटतो.

‘माझं वर्ष वाया जाईल’ हे यात नाही. शिक्षकांना ते माहीत असतं, आणि त्यांनी ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं. घरची परिस्थिती लिहायचीच असेल तर मोघम ‘हलाखीची’ लिहू नये. शहराच्या पूर्व भागात कारखान्यात, शिलाईच्या कामावर किंवा नवी पेठेत दुकानात जाणारी मुलं खूप आहेत, आणि सोलापूरच्या शिक्षकांना हे नवं नाही. ‘दुपारी ३ ते रात्री ९ कामावर असतो, म्हणून जादा प्रॅक्टिकलला सकाळी ८ ला येऊ शकतो’ असं लिहिलं, तर परिस्थितीही कळते आणि तोडगाही. मोहोळ, अक्कलकोटहून एसटीने येणाऱ्यांनी पासची झेरॉक्स जोडावी आणि कोणती गाडी चुकते तिची वेळ लिहावी. आणि जानेवारीत गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेत, गेलो होतो म्हणून असाइनमेंट राहिली असेल, तर आजारपण लिहू नये. सरही गड्ड्यावर असतात.

पुराव्याच्या बाबतीत ही दुकानं धोकादायक आहेत. काही ठिकाणी “सर्टिफिकेट पायजे असेल तर बघू” असं हळूच सुचवलं जातं. ह्या वाटेला जाऊ नये, ते खोटं दस्तऐवज वापरण्यात मोडतं. शिवाय ते पकडणं सोपं आहे. नोंदणीकृत डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक लागतो. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या व्यावसायिक नियमांनुसार दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवायची असते, प्रत जपायची असते, रुग्णाची ओळखखूणही लिहायची असते. कॉलेजने एक फोन केला की दहा मिनिटांत खरं-खोटं कळतं. मागून काढलेल्या प्रमाणपत्रापेक्षा त्या त्या दिवशीचे कागद भारी पडतात : केसपेपर, तारखेसह रक्ततपासणीचा रिपोर्ट, औषधाचं बिल. सिव्हिलचा साधा केसपेपरसुद्धा चालतो. तापाने घरीच पडून होतो आणि कागद काहीच नाही, असं असेल तर तेच लिहा आणि पालकांची सही घ्या. सही तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत असली तरी बिघडत नाही, फोन नंबर मात्र खरा हवा.

दुसरी ‘जोड सेवा’ म्हणजे लिहून मिळणारं जर्नल. भाव पानांवर आणि तारखेवर ठरतो. शेवटच्या दोन दिवसांत तो वाटेल तेवढा वाढतो. ह्याला शून्य गुण, आणि नैतिकता जरा बाजूला ठेवली तरी शून्यच. बारा प्रयोग एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेले लगेच ओळखू येतात. जूनपासूनचं जर्नल असं दिसत नाही. खरा घात निरीक्षणांच्या तक्त्यात होतो. साध्या व्हर्नियर कॅलिपरचं लघुत्तम माप (त्यावर मोजता येणारं लहानात लहान अंतर) ०.०१ सेंमी असतं, आणि उतरवलेल्या जर्नलात वाचन असतं २.३४७ सेंमी. हा तिसरा दशांश आला कुठून, एवढंच सर विचारतात. अनुमापनात ब्युरेटचा लहानात लहान भाग ०.१ मिलि, आणि तक्त्यात तिन्ही वाचनं ९.८३७. असं जर्नल घेऊन दुसरी संधी मागायला गेलात तर पहिलीही जाते. नऊ प्रयोगांचं स्वतःचं जर्नल बारा प्रयोगांच्या विकतच्या जर्नलापेक्षा सरांना जास्त पटतं.

अर्ज नुसता टेबलावर ठेवून येण्याने काम होत नाही, सोबत दोन मिनिटं बोलावं लागतं. ते दुकानात मिळत नाही, म्हणून इथे लिहितो. तास सुरू व्हायच्या तोंडावर, मस्टर हातात घेऊन निघालेल्या सरांना जिन्यात गाठू नये. मोकळी तासिका बघावी, स्टाफरूमच्या दारातून “सर, दोन मिनिटं बोलू का?” विचारावं. इतर शिक्षक भोवती असतील तर थांबावं. चारचौघांत दिलेली सवलत उद्या सगळ्यांना द्यावी लागते, म्हणून चारचौघांत उत्तर नाही असंच येतं. बोलायचं तेच जे कागदावर आहे, पण उलट्या क्रमाने. आधी मागणी, मग कारण : “सर, एक प्रयोग मंगळवारच्या बॅचमधी करू द्या, गुरुवारी जर्नल देतो.” मग जर्नल उघडून पुढे ठेवायचं. अर्धं झालेलं काम डोळ्यांसमोर असलं की बोलणं कमी लागतं. “एवढ्या वेळ घ्या की सर” हे सोलापुरी आर्जव शेवटी एकदा चालतं. तीनदा म्हटलं की ते पुढच्या वेळचीही तयारी वाटते.

सर गप्प बसले तर आपणही गप्प बसावं. मुलं इथेच फसतात : शांतता सहन होत नाही, म्हणून नवीन कारण जोडतात, आणि आजारपणाच्या अर्जात अचानक बहिणीचं लग्न येतं. “विचार करून सांगतो” म्हणाले तर “सर, उद्या याच वेळी येऊ का?” एवढं विचारून निघावं, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर त्या वेळी हजर राहावं. सगळी परीक्षा त्या येण्यात असते.

काय केल्याने बिघडतं, त्याचा क्रम आमच्या मते असा. एक नंबरला ‘साहेबांचा फोन’. नगरसेवक, संस्थेतले कुणी ओळखीचे, कुणी दादा. फोन आला की कदाचित काम होतं, पण त्या शिक्षकाकडे पुढची तीन वर्षं काढायची असतात. मग ‘त्याला दिलं, मला का नाही?’ ह्याने ज्याला दिलं त्याचंही जातं. मग पाच मित्रांना सोबत नेणं. सरांना ती विनंती वाटत नाही, मोर्चा वाटतो. शेंगाचटणीचा डबा किंवा चादर घेऊन जाणं हा प्रकार अजून संपलेला नाही. निकालाआधी काहीही नेऊ नये. आणि रात्री साडेअकराला पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज. मेसेज पाठवायचाच तर कामाच्या वेळेत, नाव-वर्ग-रोल नंबरसह, तीन ओळींत, आणि भेटायची वेळ मागण्यापुरता. ऑडिओ क्लिप तर अजिबात नको.

आता दुकानाच्या बाजूने बोलायचं ते बोलू, कारण काही गोष्टी ही मंडळी फार चांगल्या करतात. पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या घरातली मुलं, अक्कलकोटकडची कन्नड घरातली मुलं, यांना बोलायची मराठी येते पण अर्जाची मराठी अडते. ‘तो दवाखाना’ की ‘ते’, ‘जर्नल दिला’ की ‘दिलं’, इथे पेन थांबतं. तिथला टायपिस्ट बऱ्याचदा तिन्ही भाषा समजणारा असतो. तुम्ही घरच्या भाषेत सांगा, तो मराठीत ठीकठाक करतो. ह्या कामाचे पन्नास रुपये अगदी रास्त आहेत. कच्चा मजकूर हाताने लिहून न्या आणि “फक्त टायपिंग करायचंय, फाइलमधलं काही घालू नका” असं आधीच सांगा. काहींना ते आवडत नाही, कारण तयार फाइल बदलायला दोन मिनिटं लागतात आणि नवीन टाइप करायला दहा. दहा रुपये जास्त मागितले तर द्यावेत.

टायपिंग युनिकोडमध्ये आहे का, विचारा. कित्येक दुकानांत अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टवर हात बसलेला आहे. कागदावर फरक दिसत नाही. पण तीच फाइल सरांना मेलने पाठवली आणि त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उघडते. पाठवायचं असेल तर पीडीएफ करून घ्या. अक्षर १३-१४ चं, ए-फोर कागद, डावीकडे फाइलला भोक पाडण्यापुरता समास. एका पानात बसवा. रंगीत प्रिंट, बॉर्डर, प्लॅस्टिक फोल्डर यांवर पैसे घालू नका. आणि ‘पुन्हा असं होणार नाही’ याचं हमीपत्र स्टॅम्प पेपरवर करून देतो, असं कुणी म्हणालं तर सरळ नको म्हणा. विषय शिक्षकाला साध्या कागदावरची सही पुरते.

दोन प्रती काढा. प्राचार्यांच्या नावचा अर्ज असेल तर ऑफिसात आवक क्रमांक आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घेतल्याशिवाय हलू नका. विषय शिक्षकांकडे पोच मागायची नसते, ते उद्धटपणाचं दिसतं. त्यांनी होकार दिला तर अर्जावरच ‘गुरुवारपर्यंत स्वीकारावे’ असं लिहून सही घ्या आणि तो कागद जर्नलच्या पहिल्या पानाला पिन करा, म्हणजे तपासताना दुसरे शिक्षक असले तरी अडणार नाही.

मोबाइलवर एआयकडून अर्ज लिहून घेणाऱ्यांना वेगळं काही सांगायची गरज नाही. मराठी शुद्ध येते, रोग तोच : तारखा नाहीत, आकडे नाहीत, ‘मनःपूर्वक दिलगिरी’ मात्र तीनदा. फुकट आहे, एवढाच फायदा. हस्तलिखित अर्ज आजही चालतो, आणि अक्षर वाचता येण्यासारखं असेल तर विषय शिक्षकासाठी तोच बरा. टायपिंगची खरी गरज ऑफिसात जाणाऱ्या कागदाला.

शेवटी दुकानाच्या कॉम्प्युटरबद्दल. फाइल देण्यासाठी तिथे व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर स्वतः लॉगआउट करा. डिस्चार्ज कार्ड, आधार, आईवडिलांची सही असलेला कागद स्कॅन केला असेल तर तो डेस्कटॉपवर राहू देऊ नका. अर्जाची फाइलही समोर उभं राहून पुसून टाकायला लावा, रीसायकल बिनमधूनसुद्धा. नाहीतर पुढच्या सेमिस्टरला तुमचा डेंग्यू, तुमच्याच तारखांसह, दुसऱ्या कुणाच्या नावाने त्याच सरांच्या टेबलावर जायचा.